धरणावरच्या बोटीचा मिस्त्री

मालेगावात ट्रॅक्टरची फायबरची छतं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे धरणावरच्या मच्छीमारांची जुनी फायबरची मोटारबोट आली. बुडाला हातभर चीर होती. त्याने बोट पालथी घातली आणि चीर बुजवायच्या ऐवजी घासून आणखी रुंद केली.

"भोक कायले वाढवून राह्यले?" बाजूला बघत उभा असलेल्या मी विचारलं.

बूड ठोकून, कान लावून तो म्हणाला, "कच्चं हाय तेवढं काढा लागते. वरून लेपलं त दिसन चांगलं, पन यात मानसं बसतीन ना भाऊ."

मग चार दिवस तो काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर राळेने चिकटवून त्यांतली हवा ब्रशने दाबून काढत होता.

बोट पाण्यात उतरवली तेव्हा मच्छीमार कचरले. पहिला तोच चढला.

"पोहता येते काय?" एका मच्छीमाराने विचारलं.

"नाई येत," तो हसला.

फेरी मारून आल्यावर त्याने आतून, चिरेच्या जागी बुडावर टेकवलेला तळहात सगळ्यांना दाखवला. कोरडा होता. मग मच्छीमार चढले, त्यांच्यामागून मीही.