वाचून दाखविले, समजले, कबूल

ती ओळ माझी होती. कचेरीतल्या कागदांवर कोणाचं नाव नसतं, म्हणून ती माझी असल्याचं आता कोणी सांगणार नाही. पण मला माहीत आहे. बयाणाच्या शेवटी, अंगठ्याच्या वर यायची ती: "वरील बयाण वाचून दाखविले, समजले, कबूल." तीन गोष्टी, आणि मग अंगठा.

आपलं राज्य तेव्हा मध्य प्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. स्वातंत्र्य आलं तरी आमच्या कचेरीत इंग्रजीचा मुक्काम हलला नव्हता. खालच्या कागदांत हिंदी-मराठी पूर्वीपासून होती, पण साहेबाच्या टेबलावर जायचं म्हटलं की मजकूर इंग्रजीत उतरायचा. माणूस सांगणार आमच्याकडच्या गावरान झाडीबोलीत, कारकून समजून घेणार मराठीत, लिहिणार इंग्रजीत, आणि निकाल लागला की पुन्हा त्याच माणसाला कोणीतरी चार शब्दांत सांगणार, "तुझं काम नाही झालं, घरी जा." मग कायदा झाला. राज्याच्या दोन भाषा ठरल्या, हिंदी आणि मराठी. हा काही नुसता नागपूरचा ठराव नव्हता; आमच्या टेबलावर त्याची परिपत्रकं आली, नव्या शब्दांच्या याद्या आल्या. त्यातले शब्द इतके जड होते की आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, ते मोठ्याने वाचून हसायचे. ते जबलपूरकडचे. मला म्हणायचे, "लो भाई, तुम्हारी मराठी राजगद्दी पर बैठ गई. अब मिठाई खिलाओ." मी खरंच पेढे आणले. थट्टा त्यांची होती, पण आनंद माझा खरा होता.

जुन्या इंग्रजी छापाच्या शेवटी एक ओळ असायची, की हे बयाण वाचून दाखवलं आणि देणाऱ्याने ते बरोबर असल्याचं मान्य केलं. तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि कचेरीत मॅट्रिकला मराठीत पहिला आलेला मी एकटाच होतो, हे मी सगळ्यांना पुरेसं सांगून ठेवलं होतं. मी दोन दिवस त्या ओळीवर बसलो. इंग्रजीत 'समजले' नव्हतं. तो शब्द मी घातला. मला वाटलं, आता राज्य आपल्या भाषेत बोलणार, तर माणसाला समजलं की नाही हेही कागदावर यायला हवं. साहेबांनी मान डोलावली. तेव्हापासून आमच्या कचेरीतल्या प्रत्येक मराठी बयाणाखाली ती ओळ जाऊ लागली, आणि ती लिहिताना माझी मान जरा ताठ व्हायची.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मराठी ही माझ्या घरातली भाषा नव्हती. आमचं घर दवनीवाड्याकडचं, धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, जगणारं, आणि घरात पोवारी. मराठी मी शाळेत शिकलो, मार खाऊन शिकलो. आईला बाजारापुरती मराठी यायची आणि रेल्वेपुरती हिंदी. मी पेढे घेऊन घरी गेलो आणि सांगितलं की आता सरकार आपल्या भाषेत कारभार करणार, तेव्हा तिने साधेपणाने विचारलं, "म्हणजे पोवारीत?" मी हसलो. तिला अडाणी समजून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

जमिनीच्या नोंदींसाठी दौऱ्यावर जायचं म्हणजे एका दिवसात तीस-चाळीस बयाणं. नायब तहसीलदार, आमचे नायबसाहेब, झाडाखाली खुर्ची टाकून बसणार, मी सतरंजीवर, आणि समोर रांग. वेळ पुरायचा नाही. म्हणून मी एक सोय काढली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी कचेरीतच बसून कोऱ्या कागदांच्या तळाशी ती ओळ आधीच लिहून ठेवायची. बोरूने, काळ्या शाईने, चांगल्या वळणदार अक्षरात. मधली जागा मोकळी. गावात गेल्यावर वरचा मजकूर टाकाने, निळ्या शाईने भरायचा आणि अंगठा घ्यायचा. नायबसाहेबांनी माझ्या कामाच्या वेगाचं कौतुक केलं होतं. कोणी काही बोलायच्या आधीच त्याला समजलेलं असायचं, कबूलही असायचं. ही चूक मी आळसाने केली असती तर एक वेळ ठीक होतं. मी ती हौसेने केली.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही प्रतापगडच्या डोंगराच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात गेलो. तिथे एक गोंड बाई आली. पन्नाशीची असावी. नवरा त्याच वर्षी वारला होता, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या नावावर नाल्याकाठची एक बांधी होती, आणि एवढाच तिच्या जगण्याचा आधार. ती काही बोलली ते गोंडीत. मला गोंडीचा एक शब्द येत नव्हता, नायबसाहेबांनाही नाही. गावचा कोतवाल पुढे झाला. असं सगळीकडेच चालायचं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोतवाल बोलायचा, आणि कोतवालाचं बोलणं म्हणजे गावाचं बोलणं असं आम्ही धरून चालायचो. बाजूला खाटेवर गावचा पाटील बसला होता.

"का म्हणते?" नायबसाहेबांनी विचारलं.

कोतवालाने एकदा पाटलाकडे पाहिलं. मी ते पाहिलं. "साहेब, बाई म्हनते का, घरी मानूस नाई, वावर माझ्यानं होत नाई. पाटलाले देऊन राहिली. राजीखुशीनं."

बाई एवढंच बोलली होती का, की आणखी काही, हे मी विचारलं नाही. मी लिहिलं. आणि चांगलं लिहिलं. "पतीच्या निधनामुळे व घरी कर्ता पुरुष नसल्याने सदर जमीन कसणे मला शक्य नाही; सबब मी ती स्वखुशीने गावच्या पाटलांच्या हक्कात सोडीत आहे." 'सबब' लिहिताना मला बरं वाटल्याचं आठवतं. मग मी ते बयाण, तिच्या नि नवऱ्याच्या नावासकट, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मधेच तिने मान हलवली, नवऱ्याचं नाव आलं तिथे. तेवढा एकच शब्द तिच्या ओळखीचा होता.

"समजलं जी, समजलं," कोतवाल म्हणाला. "लाव वो बाई अंगठा."

तिने अंगठा लावला. लावल्यावर माझ्याकडे पाहून हात जोडले. काम झालं म्हणून.

दीड-दोन वर्षांनी ती कचेरीत आली. या वेळी सोबत तिच्या बहिणीचा मुलगा होता, तिशीतला, जंगलात ठेकेदाराकडे तोडीच्या कामावर असलेला. त्याला मराठी येत होती. त्याने कोणाला तरी विचारून अर्ज केला होता आणि सुनावणी लागली होती. व्हरांड्यात तो मला ओळखत नव्हता, बाईने ओळखलं. बोट दाखवलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबूजी, मावशी नाव चढवाले आली होती. नवऱ्याच्या जागी तिचं नाव. तुमी पाटलाच्या नावानं कायले केलं?"

मी म्हणालो, "तिने सांगितलं तसं लिहिलं."

"तिनं कोनाले सांगतलं? तुमाले?"

मी आत निघून गेलो. फाइल काढली. कागद हातात घेतल्याबरोबर मला दिसलं ते कोणालाही दिसलं असतं, बघितलं असतं तर. वरचा मजकूर निळा, खालची ओळ काळी. वरचं अक्षर घाईचं, खालचं निवांत. वर जागा अपुरी पडल्याने शेवटचे दोन शब्द मी त्या ओळीच्या डोक्यावर दाटीवाटीने बसवले होते. ओळ आधीची आहे, हे कागदच सांगत होता.

सुनावणी चार दिवसांनी होती आणि त्यात माझीही साक्ष होती. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. माझे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. रविवारी घरी गेलो तेव्हा आईच्या लक्षात आलं की मी नीट जेवत नाही. मी तिला सगळं सांगितलं, पोवारीत, कारण तिला दुसऱ्या भाषेत सांगितलं असतं तर अर्धं राहिलं असतं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मग तिने विचारलं, "आता मला जसं सांगितलंस, तसं त्या बाईला सांगितलं होतंस का?"

मी म्हणालो, कायद्यात दोनच भाषा आहेत, हिंदी आणि मराठी. तिची भाषा कायद्यात नाही.

"माझीही नाही," आई म्हणाली. तिने माझ्या पानात भात वाढला आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. मला तिचा राग आला. चूक आपली असली की समोरच्याचा शांतपणा फार टोचतो.

सुनावणीचे साहेब हिंदी मुलखातले होते. चांगला माणूस, घाईत नव्हता, आवाज चढवत नव्हता. पाटील एका बाजूला, बाई आणि तिचा भाचा दुसऱ्या बाजूला. भाच्याने जे सांगायचं ते हिंदीत सांगितलं, मोडकंतोडकं पण सरळ. कोतवाल म्हणाला, बाईनं तेव्हा हेच सांगितलं होतं. मग साहेबांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"ये लिखावट आपकी है?"

"जी."

"पढ़कर सुनाया था?"

"जी, सुनाया था." हे खरं होतं. गावभर ऐकू जाईल असं वाचलं होतं मी.

"और ये समझ गई थी?"

साहेबांचं बोट त्या काळ्या ओळीवर होतं. मला सांगता आलं असतं. साहेब, ही ओळ मी आदल्या दिवशी कचेरीत बसून लिहिली. तेव्हा ही बाई कोण हेही मला माहीत नव्हतं. तिने काय सांगितलं ते मी कोतवालाच्या तोंडून ऐकलं, आणि मी वाचलं ते तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलं नाही. एवढी चार वाक्यं. मी ती वाटेत चालताना जुळवूनही ठेवली होती. भाचा माझ्याकडे बघत होता. बाई तर पहिल्यापासून माझ्याकडेच बघत होती, तिला या खोलीत माझ्याशिवाय ओळखीचं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "वैसा लिखा है, साहब."

खोटं नव्हतं ते. मी खोटं बोललो नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

साहेबांनी मान हलवली. माझी साक्ष बडे बाबूंनी हिंदीत लिहून घेतली, मला वाचून दाखवली आणि खाली सहीसाठी कागद सरकवला. सहीच्या वर माझ्याच ओळीचं हिंदी होतं. प्रत्येक शब्द मला समजला होता. मी सही केली. निकाल तिथल्या तिथे सांगितला गेला: बयाण राज्याच्या मान्य भाषेत नोंदलेलं आहे, वाचून दाखवलेलं आहे, त्यावर अंगठा आहे, सबब ते कायम. साहेबांनी हे हिंदीत सांगितलं. पाटील उठला, कोतवाल त्याच्या मागे उठला. बाई उभीच होती, कारण तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

पुढे राज्य बदललं. आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. कचेरीवरच्या पाट्या रंगवून झाल्या, पेढे वाटले गेले, आणि मी तोवर कायम झालेला, वरच्या जागेवर बसलेला होतो. कोऱ्या कागदावर ओळ आधी लिहिणं मी त्या सुनावणीनंतर सोडलं होतं. पण त्याने त्या बाईची बांधी परत आली नाही, म्हणून हे सांगून मी काही पुण्य मागत नाही.

मला त्या दुपारचा व्हरांडा तेवढा दिसतो. भाच्याने तिला खांबापाशी बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसून तो तिला सांगू लागला. गोंडीत. साहेबांना जे सांगायला दोन मिनिटंही लागली नव्हती, ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. तो थांबायचा, ती काही विचारायची, तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. हाताने त्याने नाला दाखवला, बांधीच्या कडेचे धुरे दाखवले, अंगठा उचलून दाखवला. इतक्या सगळ्या कागदांत, इतक्या सगळ्या माणसांत, तिला काही समजावून सांगणारा हा पहिलाच होता. मी दारात उभा होतो. जावं की राहावं कळत नव्हतं.

तो बोलायचा थांबला. बाईने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून ती एकच शब्द बोलली. आवाज चढलेला नव्हता. ते दोघं उठले, नॅरोगेजच्या छोट्या लाइनीची गाडी गाठायची होती त्यांना.

मी भाच्याला विचारलं, "काय म्हणाली?"

तो पायरीवर थांबला.

"समजलं म्हनते, बाबूजी."