काकांची पुदिन्याची वाफ

आमच्या शेजारच्या काकांइतकी फुप्फुसांची काळजी अख्ख्या भिलाईत कुणी केली नसेल. उभी नोकरी पोलाद कारखान्यात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर गेली. तेव्हापासून माणसाच्या छातीत काय जातं आणि ते बाहेर कसं काढायचं, याखेरीज त्यांना दुसरा विषय नाही. धुळीवर उतारा म्हणून कामगारांनी गूळ खायची तिथली पद्धत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी संध्याकाळी पाचला खडा तोंडात जातोच, आणि दारात जो उभा असेल त्याच्याही. एकदा कुरिअरवाला शिंकला, तर पार्सल राहिलं बाजूला आणि डोक्यावर टॉवेल टाकून त्याला उकळत्या पातेल्यासमोर बसवलं. काकांची सही त्याला वाफ घेऊन झाल्यावरच मिळाली.

अशा माणसाच्या हाती गेल्या हिवाळ्यात इलेक्ट्रॉनिक सिगारेट पडली. दुबईचे जावई विसरून गेले होते. जन्मात विडीला न शिवलेल्या काकांनी एक झुरका घेतला, पुदिन्याची वाफ नाकातून सोडली आणि त्यांचा चेहरा उजळला. गॅस नको, पातेलं नको, टॉवेल नको! मी म्हटलं, "काका, त्यात निकोटिन असतं. आपल्याकडे बंदी आहे."

"धूर वेगळा अन् वाफ वेगळी," काका म्हणाले. "चौतीस वर्षं धुरात उभा राह्यलो मी, मले शिकवून राहिला का? अन् बंदी कावून आहे? सगळ्यायची छाती साफ झाली तर दवाखाने कसे चालतील?"

डॉक्टरांनी समजावलं, तर काकांनी त्यांनाच विचारलं, "साहेब, तुमी कोक ओव्हनवर किती दिवस होते?" आठवड्याभरात वाफेचे गुण वाढत गेले. आधी सर्दी गेली, मग गुडघे मोकळे झाले, शेवटी डासही कमी झाले. डास काकांना भिऊन गेले असावेत असं माझं मत आहे.

एकदा मी चिडूनच विचारलं, "कशाला हा उद्योग?" काकांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "हिच्यासाठी रे. पयले माह्यावर ट्रायल, मग हिले देईन. नवी मशीन कोणी सीधी लाइनवर घेते का?" काकूंना जुना दमा आहे. माझं हसू तिथंच विरलं.

ट्रायलचं रीतसर लॉगबुक होतं. ए, बी, सी अशा तीन शिफ्ट. त्यापुढे काकांचे झुरके, काकांचा खोकला, काकूंचा खोकला. कारखान्यात शिफ्ट बदलली की येणाऱ्यानं आधीच्याचं लॉगबुक मोठ्यानं वाचून सही करायची. इथं दर रविवारी येणारा म्हणजे मी. तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "आज पयल्या पानापासून वाच. उद्यापासून हिले चालू करतो."

मी वाचायला लागलो. काकांचा खोकला पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनदा, मग पाच, मग नऊ. काकूंचा तीन, सहा, अकरा. त्यांनी तर नळीला हातही लावला नव्हता. नुसत्या त्याच खोलीत बसत होत्या. काकांना आकडे बदलता आले असते, पण चौतीस वर्षांत त्यांनी एक रीडिंग खोटं लिहिलं नव्हतं. रोजचा आकडा रोज लिहिला, सगळे एकत्र मात्र ते आजच ऐकत होते. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

"तू बोलली कावून नाही?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमाले बरं वाटून राह्यलं होतं ना," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी लाल पेनानं 'शटडाऊन' लिहिलं आणि ती नळी माझ्या हातात दिली.

लॉगबुक अजून चालू आहे, पण आता एकच रकाना उरलाय. परवाच्या रविवारी मी वाचलं, "काकूंचा खोकला. ए शिफ्ट एक, बी शिफ्ट शून्य, सी शिफ्ट शून्य." सी म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. आठवड्यातल्या सातही रात्रींपुढे काकांच्या वळणदार अक्षरात तासातासाची नोंद होती.

"काका, रात्रभर ही रीडिंग घेता, मग तुम्ही झोपता कधी?"

त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"सही कर," म्हणाले.