नायनांनी न सांगितलेला खुनी

मी आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की त्याला फळ्यापाशी उभं करून पुरावा मागते. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतोय... पण या सदरात लोक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणारे हसत नाहीत, म्हणून धीर केला.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागात. तेलुगू विणकरांचं घर — पुढे राहायच्या दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग. टॉवेल निघायचे. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात आणि बाकीचं हातांनी भागवतात. आमचे वडील, म्हणजे नायना, यात पटाईत होते.

नायनांना नाद दोनच. एक पान, आणि दुसरा जुन्या खुनाच्या कादंबऱ्या. त्याही चांगल्या पिवळ्या पडलेल्या, रद्दीवाल्याकडच्या — ज्यांत तारा येतात, ट्रंक कॉल लागता लागत नाही, आणि बंगल्यात खून झाला तरी सगळे वेळेवर चहा घेतात. नायनांची शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा आणि खुन्याला पकडायची तर भारी घाई. म्हणून वाचायचे मी. शेडच्या दारात स्टूल टाकून बसायचं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत वाचायचं. तुटलेला धागा जोडता जोडता ते माझ्या तोंडाकडे बघत असायचे.

पात्रांची नावं काही ओठांवरून नीट कळत नाहीत. मग प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला आम्ही खुणा ठरवायचो. डॉक्टर म्हणजे मनगट धरायचं, वकील म्हणजे कॉलर ओढायची. शेवटचं प्रकरण आलं की मी पुस्तक मिटायचे आणि ओठांनी विचारायचे — कोण? नायना मागाच्या पलीकडून खूण करायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायची, आणि मग आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसणं चालायचं.

अम्मा बाजूला कांड्यांवर सूत भरत बसलेली असायची. तिला हे सगळं अजिबात आवडायचं नाही. "दिवसभर मागाचा खडखडाट, त्यात तुमचे मुडदे," म्हणायची. "लग्न झालं तरी सोडंना ही पोरगी."

खरंच सोडलं नव्हतं. सासर त्याच शहरात, जुळे सोलापूर भागात; रविवार मात्र शेडमध्ये. शेवटचं पुस्तक होतं एका जहागीरदाराच्या खुनाचं. ते अर्ध्यावर आलं असताना नायनांनी हात वर केला, म्हणजे — कळलं. मी किती मस्का लावला, पण शेवटाआधी सांगायचं नाही हा नियम त्यांचाच. त्याच आठवड्यात ते दवाखान्यात गेले. घशात नळी होती, बोलणं बंद. परत आले नाहीत.

पुढे माग भंगारात गेले, शेड मोकळी झाली. ते पुस्तक मात्र मी वाचलंही नाही आणि टाकलंही नाही. खुनी कोण, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण जोवर ती पानं वाचायची राहिली होती, तोवर नायनांचं एक उत्तर यायचं राहिलं होतं. ते मला हवं होतं. फार हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा निघाला. अम्मा म्हणाली, "ते मुडद्याचं पुस्तक नेतीस का रद्दीत घालू?"

मग बसले एकदाची. भर दुपार होती. अम्मा जेवून शेडमध्ये पाणी मारून गार केलेल्या फरशीवर आडवी झाली होती, गाढ झोपली होती. मी दारात, नेहमीच्या जागी. माग नव्हते, तरी सवयीने नुसते ओठ हलवत वाचलं. आवाज अजिबात काढला नाही, हे शपथेवर सांगते. शेवटचं प्रकरण आलं तसं पुस्तक मिटलं. माझा संशय भाच्यावर होता. मोकळ्या शेडकडे बघत मी ओठांनी विचारलं — कोण?

अम्माचा हात उठला.

डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, बारीक घोरणं चालू. डाव्या हाताची मूठ वळली, डोळ्यापाशी गेली, तिथेच थांबली... आणि एकदा उघडली. मग हात पुन्हा पोटावर आला.

मला क्षणभर काही सुधरेना. मग आठवलं. फोटोग्राफर! जहागीरदाराची तसबीर काढायला सुरुवातीला एकदाच येऊन जाणारा माणूस. मी त्याला पार विसरले होते. मूठ म्हणजे कॅमेरा, उघडली की फ्लॅश — ही खूण नायनांनी काढली होती, आणि स्वतःवरच खूश होऊन पुन्हा करून दाखवली होती.

शेवटचं प्रकरण वाचलं. खुनी फोटोग्राफरच होता. मी पोटभर रडले, पण आवाज न करता. अम्माची झोप मोडायला नको म्हणून.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झोपेत डोळा चोळला असेल." असेल. अम्माने कधीतरी आमची ती खूण पाहिली असेल, असंही मी स्वतःला समजावलं. पण खूण पाहिली तरी खुनी कोण हे तिला कुठून माहीत? तिला मराठी वाचता येत नाही. की नायनांनी तिला दवाखान्यात सांगून ठेवलं होतं? एवढी एकच शक्यता उरली होती. म्हणून काही आठवड्यांनी अम्माला सगळं सांगितलं आणि विचारलं.

ती चहा गाळत होती. "मला?" म्हणाली. "मला त्यांनी हातानं तीनच गोष्टी सांगितल्या. पाणी. घरला जायचंय. आन् तू जा, झोप. पुस्तकाचं कशाला सांगतील? मी कधी ऐकलं का त्यांचं?"

म्हणजे तेही नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

चहा कपात तसाच राहिला. गाळणी ठेवून अम्मा खाली बसली आणि तिने विचारलं, "कोणता हात म्हणालीस?"

"डावा."

तिने डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. मग उजव्या हाताने तो धरला, दवाखान्यात नायनांचा धरायची तसा.

"मला उठवायचं की गं," ती म्हणाली.