पुंजारामची ओली दोरी

पुंजारामला दुसऱ्याने बांधलेलं काही म्हणून पटायचं नाही. सायकलच्या मागचं पोतं असो की लग्नाच्या मांडवाचा बांबू, हा आधी नाक मुरडणार, मग बांधलेलं सोडणार आणि पुन्हा आपल्या हाताने आवळणार. त्याचा बाप गेणू हयातभर वणी-नाशिक रस्त्यावर बैलगाडीने कडबा वाहत आला होता. घराएवढी उंच गाडी भरायची, पण तिची एक पेंढी कधी रस्त्यात पडली नाही. त्या बापाच्या जोरावर लेक स्वतःला गाठींचा पंडित समजायचा. कॉलनीतली माणसं हसायची, पण काही बांधायचं निघालं की बोलावणं त्यालाच जायचं.

१९७९ साली तो शहरातल्या एका ट्रस्टच्या नेत्रशिबिरात रोजंदारीवर लागला. ट्रस्टकडे जीपला जोडून ओढायचा एक डबा होता. कुण्या परदेशी कुटुंबाने हिंदुस्थान बघायला आणलेला, आणि जाताना इथेच सोडलेला. आत दोन बाकं, मध्ये जेवायचं टेबल, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. साहेबलोक जिथे बसून चहा पीत असतील, तिथे आता बागलाण-दिंडोरीकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे तपासले जायचे. या डब्याची राखण पुंजारामकडे होती. झाडायचं, पेट्या लावायच्या, आणि निघायच्या आधी टेबल बांधायचं.

टेबल म्हणजे भिंतीला बिजागरीने जोडलेली एक जाड सागवानी फळी. पुढच्या बाजूला एक पाय. डबा चालू लागायच्या आत पाय काढून घ्यायचा, फळी वर उचलून भिंतीला लावायची आणि पितळी कडीत अडकवायची. एवढं विसरलं तर पहिल्याच खड्ड्यात फळी धाडकन खाली यायची आणि दोन्ही बाकांच्या कडांवर आदळायची. दोन वर्षांत पुंजाराम एकदाही विसरला नव्हता. पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं घाटत होतं, आणि घरी बायकोने, सुमनबाईने, ही बातमी चार शेजारणींना सांगूनही टाकली होती.

एक्क्याऐंशीच्या एप्रिलात वणीला शिबिर लागलं. शाळेच्या वर्गांत मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई नावाच्या एका म्हातारीचा डोळा ठणकू लागला. एकटी बाई, मोलमजुरी करून राहणारी, सोबत कुणी नाही. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं आणि म्हणाले, "हिला आजच नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं." जीपमध्ये आडवं पडायला जागा नव्हती. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नाही असा नियम होता, पण नाइलाज होता. एका बाकावर औषधांच्या नि भिंगांच्या पेट्या रचल्या, दुसऱ्यावर, टेबलाच्या भिंतीकडे डोकं करून, झुंबरबाईला निजवलं. खाली चूळ भरायची बादली, गाठोडं. आणखी एका माणसाला बसायला जागा उरली नाही.

डॉक्टरांनी तिला बजावलं, "आजी, टाका नाजूक आहे. ओरडायचं नाही, खोकायचं नाही, जोर लावायचा नाही."

"नाय जी," झुंबरबाई म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

आणि नेमकी त्याच दिवशी टेबलाची कडी वाकलेली निघाली. रात्री कुणीतरी तिला पेट्रोमॅक्स टांगला होता. आता कडी नाही म्हणून पुंजाराम अडतो थोडाच! त्याने अंबाडीची दोरी काढली, बादलीत बुडवून चिंब भिजवली आणि फळी भिंतीतल्या दोन लोखंडी कड्यांना करकचून बांधली. बाप असंच करायचा. दोरी ओली झाली की आखडते, आवळून बसते. पुंजारामने फळीला दोन बुक्क्या मारून पाहिल्या. ती हलली नाही.

"टेबल पक्कं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. "खाली पेशंट आहे."

"साहेब, डबा उलटला तरी टेबल हलायचं नाही."

अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो तो असा.

दहाच्या सुमाराला ते निघाले. मल्हारी ड्रायव्हर गाडी जपून चालवत होता. त्याच्या शेजारी डॉक्टर, आणि मागे सामानाच्या ढिगात पुंजाराम, डब्याकडे तोंड करून. उन्हाचा तडाखा असा की जीपचा पत्रा हाताला चटके देत होता. निघताना त्याने बादलीतच रुमाल भिजवून डोक्याला गुंडाळला होता. लखमापूर फाटा मागे पडला आणि कपाळाला काहीतरी टोचतंय म्हणून त्याने रुमाल काढला. रुमाल पापडासारखा कडक झाला होता.

तो रुमालाकडे बघत राहिला. रुमाल वाळला, म्हणजे दोरीही वाळली असणार. बंद डब्यात तर आधीच वाळली असणार. ओली दोरी आखडते, तशी वाळली की सैल पडते. मग बापाची गाडी कशी सुटत नव्हती? आणि आता, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याला बापाच्या गाडीखाली लोंबणारं मडकं आठवलं. दर मुक्कामाला, दर झाडाखाली बाप त्यातलं पाणी ओंजळीने दोरांवर शिंपडायचा. पोरगा समजत होता, मडकं बैलांसाठी आहे. बापाची निम्मीच विद्या त्याने उचलली होती, आणि त्या निम्म्या विद्येखाली एक म्हातारी निजली होती.

डब्याच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. आतलं काही दिसत नव्हतं.

"मल्हारी!" त्याने हाक मारली. मल्हारीने गाडी हळू केली. डॉक्टर मागे वळले.

"काय झालं?"

आता सांगायचं एवढंच होतं की साहेब, माझं चुकलं, दोरी बघू द्या. चार शब्द. पण तासापूर्वीच फुशारकी मारलेलं तोंड होतं ते. साहेब काय म्हणतील? कायमचा कागद कुणाच्या हातात? आणि कदाचित दोरी असेलही घट्ट. कशाला उगाच?

"काही नाही साहेब," पुंजाराम म्हणाला. "ऊन लय आहे."

डॉक्टर पुढे वळले. गाडीने पुन्हा वेग घेतला.

पुढचे तीन मैल त्याचा जीव टांगणीला लागला होता. कुठलाच खड्डा त्याला आधी दिसायचा नाही, धक्का बसल्यावरच कळायचा, कारण तो उलटा बसला होता. गाडी आदळली की तो कान टवकारायचा. मनात म्हणायचा, दिंडोरीला चहाला थांबतीलच, तेव्हा बघू. एवढं दिंडोरीपर्यंत निभू दे. स्वतःचा त्याला इतका राग आला की त्याने रुमाल दातांत धरून चावला, पण तोंड काही उघडलं नाही. मग एका मोरीवर गाडी जोरात आदळली आणि डब्यातून लाकडाचा आवाज आला. पुंजाराम जीपच्या पत्र्यावर मुठी आपटू लागला.

"थांबव! थांबव आधी!"

गाडी थांबायच्या आत त्याने उडी मारली. डॉक्टर पुढेच बसून घड्याळ बघत होते. "दोरी जरा आवळतो," एवढं ओरडून तो डब्यात शिरला.

दोरीचा फास सैल होऊन लोंबत होता. फळी अर्धी खाली आली होती. खाली झुंबरबाई उताणी, डोळ्यांवर पट्टी, ओठ घट्ट मिटलेले, आणि दोन्ही तळवे फळीला लावून तिने ती चेहऱ्यापासून वीतभर वर तोलून धरली होती. दंड थरथरत होते. पुंजारामने फळी उचलून धरली, तरी तिचे हात बराच वेळ तसेच वर राहिले.

"मावशी, कधीपासनं धरलंय?"

"त्या फाट्यापासनं," ती हळूच म्हणाली. "जरा जरा खाली येत व्हतं. डागदर म्हनले, वरडायचं नाय. मंग धरून ऱ्हायले."

जोर लावायचा नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण जन्मभर डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या बाईच्या लेखी फळी धरणं म्हणजे जोर लावणं नव्हतंच. "मी हिच्यापाशीच बसतो," असं बाहेर ओरडून पुंजाराम त्या चिंचोळ्या जागेत गाठोड्यावर टेकला आणि नाशिक येईपर्यंत फळी खांद्याने रेटून धरून बसला. दिंडोरीला तिला बशीने चहा पाजला, तेवढाच तो उठला.

नाशिकला मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मान हलवली. टाका उसवला होता. आतलं बाहेर आलं होतं.

"हिला जोर कशाचा लागला?" त्यांनी विचारलं.

पुंजाराम पायाशीच उभा होता. तेवढ्यात झुंबरबाई बोलली.

"मीच खोकले डागदर. रातभर ढास लागली व्हती."

दोन्ही डॉक्टर तिच्यावर चिडले. सांगितलेलं ऐकत नाहीत ही माणसं, म्हणाले. म्हातारीने सगळं निमूट ऐकून घेतलं. आणि पुंजारामही मूग गिळून उभा राहिला, दुसऱ्यांदा. तो डोळा गेला.

महिनाभराने कायमचा कागद आला. सुमनबाईने पुरणपोळ्या केल्या. पहिलाच घास त्याने ताटात परत ठेवला. बायको विचारत राहिली, तो म्हणाला, पित्त झालंय. टेबलाला त्याने चामड्याचे दोन पट्टे आणि नवी कडी बसवली. निघण्याआधी तीनदा बघायचा, वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावायचा, आणि मल्हारीच्या शिव्या खायचा. कॉलनीत कुणी काही बांधायला बोलावलं तर आता सांगायचा, "मला नाही जमत बुवा." माणसांना वाटलं, कायम झाला, डोक्यात हवा गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा वणीला शिबिर लागलं. रांगेत काठी टेकत झुंबरबाई उभी होती. एक डोळा खोल गेलेला, दुसऱ्यात पांढरा मोती पिकलेला. पुंजारामने तिला लांबूनच ओळखलं आणि पेट्यांच्या आड जाऊन उभा राहिला. मग त्याचीच त्याला लाज वाटली. तो पुढे आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, मी पुंजाराम. डब्यावरचा."

"वळखलं आवाजावरनं."

"मला सांगायचं होतं. दोरी सुटणार हे मला तीन मैल आधी कळलं होतं. गाडी थांबवायला तोंड उघडलं होतं मी. आणि भीतीने मिटलं. तुमचा डोळा माझ्यामुळे गेला."

रांग एक माणूस पुढे सरकली, तशी तीही सरकली. पुंजाराम तसाच बसून होता.

"गाडी हळू झाली व्हती," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, आता येतंय कुनीतरी. मंग पुन्ना पळाली."

त्याला वर बघवेना. म्हातारीने चाचपडत हात पुढे केला, त्याचा खांदा सापडल्यावर त्यावर भार टाकून ती तशीच उभी राहिली.

"ह्या डोळ्याच्या टायमाला तोंड मिटू नको म्हंजी झालं," ती म्हणाली. "तिसरा नाय माझ्याकडं."