आबांना वाचता येणारी गल्ली

नोकरी लागली तेव्हा माझ्यासमोर दोन खोल्या होत्या, आणि मी चुकीची घेतली. लोक म्हणतात, तेव्हा कुठं ठाऊक होतं. मला ठाऊक व्हायला पाहिजे होतं. घराण्यातली पहिली पदवीधर मी होते.

आमचं गाव पैठण रस्त्यावर, चितेगावच्या पुढं, डांबरी सोडून दोन कोस आत. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आई गेली. थोरल्या भावाच्या संसारात आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीपुरते उरले. भावजय वाईट नव्हती. पण ताट वाढून झालं की तिचं त्यांच्याशी बोलणं संपायचं. मी त्यांना शब्द दिला होता, "नोकरी लागली की खोली घेते आन् तुम्हाला नेते." त्यांनी एकच अट घातली.

"पायी हिंडता आलं पाह्यजे, माय. कुनाच्या गाडीत घालून मला फिरवू नको. त्यानं मानसाचं गठुडं होतंय."

अट मला सोपी वाटली, कारण मलाही पायीच जायचं होतं. सायकल येत नव्हती. औरंगाबादेतल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागले आणि दोन महिने एका मैत्रिणीच्या मावशीकडं राहून दर रविवारी खोल्या बघत हिंडले. निबंधाच्या बक्षिसात मिळालेलं घड्याळ मनगटावर होतं. प्रत्येक खोलीपासून कचेरी किती मिनिटं, भाजी किती, डॉक्टर किती, असं चालून बघायचे. घरमालक मात्र मिनिटांचं काही विचारत नसत. ते विचारत, "एकट्याच का?" मी म्हणायचे, "वडील येणारेत राहायला." मग चेहरा सैल व्हायचा. म्हणजे खोली मला मिळत होती ती आबांच्या नावावर. पगार माझा, पदवी माझी, आणि पत आबांची.

शेवटी दोन खोल्या उरल्या. एक गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, माडीवर. दुसरी, आता ज्याला क्रांती चौक म्हणतात त्याच्या पलीकडं, नव्यानं झालेल्या सोसायटीत. दोन्ही बघायला मी आबांना बोलावलं.

इथं आबांचं शिक्षण सांगितलं पाहिजे. ते अडाणी नव्हते. निजामाच्या राज्यात तालुक्याच्या मदरशात ते चार वर्षं उर्दू शिकले. आजोबांचं म्हणणं होतं, सरकार ज्या भाषेत लिहितं ती भाषा शिकावी. त्या चार वर्षांवर आबांनी गावात मान मिळवला. कोणाला नोटीस आली, पावती आली, पलटणीतून पत्र आलं, की कागद आमच्या ओसरीवर यायचा. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. सगळ्यांबरोबर आबांनीही गूळ वाटला. वर्षा-दोन वर्षांत दफ्तर मराठीत आलं, आणि बाळबोध अक्षर आबांना येत नव्हतं. गूळ वाटणारा माणूस अडाणी झाला. कागद आता शाळामास्तरांकडं जायला लागले. हे मला आईनं सांगितलेलं. आबा कधी बोलले नाहीत. त्यांनी मला शाळेत घातलं, एवढंच.

त्या रविवारी मी त्यांना आधी गुलमंडीत नेलं. तेव्हा तिथल्या बऱ्याच पाट्या मराठी आणि उर्दू, दोन्ही लिप्यांत असत. आबा पहिल्याच पाटीपाशी थांबले. मान वर करून मोठ्यानं वाचलं, "अत्तर, सुरमा, अगरबत्ती." चार पावलं गेले, पुन्हा थांबले. कापडाचं दुकान. पुन्हा चार पावलं. शाळेत पाढे म्हणतात तसा खणखणीत आवाज. खोली याच दुकानावरची, असं मी सांगितल्यावर त्या पाटीखाली म्हणाले, "जिल्दसाज! म्हंजी पुस्तकं बांधनारा. बघ माय, खाली पुस्तकवाला आन् वर तू."

माणसं वळून बघायला लागली. मी म्हणाले, "आबा, हळू वाचा ना."

ते गप झाले. पण पाटी आली की ओठ हलायचे.

मागं गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथं येऊन टेकलो. बाकावर उर्दू पेपर पडलेला. आबांनी तो मांडीवर घेतला आणि चहा निवेपर्यंत वाचला. हॉटेलवाले चाचा बघत होते. गावाकडच्या धोतरवाल्याला ते पटेल, म्हणजे पाटील, म्हणत.

"कां सीखे, पटेल?"

"मदरशात. तुमच्याच राज्यात."

"हमारा कां का राज? हम तब भी चाय बेचते थे," चाचा म्हणाले, आणि दोघं हसले. आबांना इतकं हसताना मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. मग मी माडीवरच्या खोलीचा नळ बघून आले, तर आबा चाचांकडून पेन्सिल मागून बिडीच्या बंडलाच्या कागदावर काहीतरी लिहीत होते. गावाकडच्या सामानाची यादी असेल म्हणून मी विचारलं नाही. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. गुलमंडीपासून कचेरी बावीस मिनिटं.

सोसायटीपासून बारा. तिथं रस्ते सरळ, घरं पिवळी, सगळी एकसारखी. फाटकांवर नावं मराठीत आणि इंग्रजीत. आबा माझ्याबरोबर गुमान चालले.

"कसं वाटलं?"

"हवा लई चांगली हाय."

"आन् ती गुलमंडीची?"

"तुला कचेरीला लांब पडंल की."

दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण मिनिटांनी निकाल लागला असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. कचेरीतल्या एक जुन्या बाई डबा खाताना म्हणाल्या होत्या, "पदवीधर मुलगी तू, आणि बोळात राहणार?" कोणी हसलंही नव्हतं. पण मी अर्धा डबा तसाच बंद केला. सोमवारी मी सोसायटीची खोली पक्की केली.

आबा राहायला आले. मी जाड कागदावर माझ्या उत्तम अक्षरात पत्ता लिहिला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. "वाट चुकलात तर कोणालाही दाखवा." त्यांनी कागद उलगडून बघितला, माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं, म्हणाले, "झ्याक हाय," आणि घडी घातली. पहिला आठवडा ते हिंडले. मग कोपऱ्यापर्यंतच जायला लागले. मग पायरीवर बसायला लागले. मला वाटलं गुडघे दुखतात. मी काठी आणली. त्यांनी ती दाराशी उभी करून ठेवली, पाव्हण्याची असल्यासारखी. कधी हात लावला नाही.

एक दिवस मी कचेरीतून आले तर दाराला कुलूप. घरमालकीण म्हणाल्या, "अकरालाच गेले की ते. मी म्हटलं, तुमच्याकडंच आले असतील." मी गल्ल्या पालथ्या घातल्या. आबा सापडले ते आमच्या घरापासून चार मिनिटांवर. आमच्यासारख्याच एका पिवळ्या घरासमोर, रस्त्याकडेच्या दगडावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. ओठ वाळलेले.

"आबा! कवाधरनं बसलात?"

"दुपारपून. हेच घर वाटलं. कुलूप उघडंना."

"मग कोणाला विचारायचं ना! चिठ्ठी कुठंय?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. "हाय की."

"मग दाखवली काहून नाही?"

"उभ्या गावाचे कागद मी वाचले, माय. आता माझा कागद मी लोकाला वाचाया देऊ?"

मी दमलेली होते, घाबरलेली होते. पण ते कारण देत नाही. मी म्हणाले, "मग शिका ना बाळबोध! मी तीन महिन्यांत शिकले पहिलीत. आहे काय त्यात एवढं?"

रस्त्यानं जाणारी एक बाई थबकली आणि पुढं गेली. आबा दगडावरून उठले. धोतर झटकलं.

"तू शिकलीस की," ते म्हणाले. "आपल्या घरात तेवढं बास हाय."

घरापर्यंत मी दोन पावलं पुढं चालले.

चार दिवसांनी ते म्हणाले, शेंगा उपटायला आल्या असतील, गावाकडं जायला पाहिजे. शेंगा उपटायला भाऊ होता, मजूर होते. आबांवाचून काही अडत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी त्यांना स्टँडवर नेलं, पाटी वाचून गाडी शोधली, खिडकीपाशी बसवलं. म्हणाले, "तू जा आता, कचेरीला उशीर व्हईल." मी गेले. दिवाळीला आणेन परत, असं मनाशी म्हटलं. दिवाळीत माझी विभागाची परीक्षा निघाली. संक्रांतीच्या आधी त्यांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. निरोप मला मिळून मी पोचेस्तोवर सगळं उरकलेलं होतं.

भावजयीनं मला त्यांचा सदरा दिला. "खिशातलं काही काढलं नाही बघा मी," म्हणाली. खिशात माझी चिठ्ठी होती, घडीवर झिजलेली. तिच्या आत बिडीच्या बंडलाचा तो कागद. त्यावर पेन्सिलीनं उर्दूत पाच-सहा ओळी. मी तो इकडून धरला, तिकडून धरला. उलटा धरलाय का सुलटा, तेही समजेना. एवढी वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी म्हणाले नव्हते, आबा, तुमचं एक अक्षर मला काढून दाखवा.

दहावं-तेरावं झाल्यावर मी तो कागद घेऊन गुलमंडीत चाचांच्या हॉटेलात गेले. त्यांनी चष्मा लावला.

"पटेल के हात का है. कैसे हैं वो?"

मी सांगितलं. चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकेका ओळीवर बोट ठेवून हळू वाचलं.

"चौक से सीधे. पैले अत्तर. फिर कपड़े की दुकान. फिर चाय, पेपर इदर. फिर जिल्दसाज. जिल्दसाज के ऊपर..."

ते थांबले.

"ऊपर क्या, चाचा?"

"ऊपर लिखे हैं, मेरी बेटी का घर." कागद त्यांनी सरळ करून माझ्यासमोर ठेवला. "उस दिन मेरे कू पूछे भी थे, पेपर यां कित्ते बजे आता. मैं बोला, आओ पटेल, रोज आओ. आप ऊपर रैते ना?"

"नाही," मी म्हणाले. "दुसरीकडं राहते."

चाचांनी चष्मा खिशात घातला. चहा दिला, तो मी प्याले.

मग गुलमंडीच्या चौकापर्यंत मागं गेले आणि कागद हातात धरून, त्यातला क्रम आठवत, चालत आले. अत्तर. कापड. चहा. जिल्दसाजाच्या दुकानावरची पाटी नवी रंगवलेली होती, नुसती मराठीत. मला ती लगेच वाचता आली. वर माडीच्या कठड्यावर कोणाचीतरी लहान झबली वाळत होती. मी खाली उभी राहून बघितली, आणि सवयीनं घड्याळ बघितलं. चौकापासून तिथवर सहा मिनिटं. आबांच्या चालीनं, पाट्या वाचत, दहा लागली असती.