भरपूर पाणी प्या

अंग दुखणं मला लहानपणापासून ठाऊक होतं. गुडघे, मांड्या, पाठ. आतून कुणी हाडं पिळतंय असं वाटायचं, आणि काही दिवसांनी ओसरायचं. सगळे वात म्हणायचे, मीही वातच म्हणायचे. लग्नानंतर पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"तुमच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. जन्माचंच आहे हे. बरं करणारं औषध नाही. उन्हात राबू नका, भरपूर पाणी प्या."

मी "बरं" म्हणाले आणि शेवगावच्या एसटीत बसले.

पुढं दुष्काळ पडला. आमच्या गावात टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा, मग बायका ते शेंदून न्यायच्या. यजमान दूर काष्टीला नोकरीला होते. मी गावातल्या शाळेत शिकवायचे. घरात सासूबाई, दीर, जाऊ आणि त्यांची मुलं. पाणी सासूबाई स्वतः वाटायच्या. मी पुन्हा तांब्या बुडवला की म्हणायच्या, "लई पानी पिती ही. टँकर हिच्या एकटीसाठी येतो व्हय?" त्या दुष्ट नव्हत्या. नातवंडांची सुकलेली तोंडं त्यांना दिसत होती, माझं रक्त दिसत नव्हतं. मी तांब्या खाली ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात दुखणं वरचेवर येऊ लागलं. दवाखान्यात जावंसं वाटायचं, पण औषधच नाही तर जायचं कशाला? शिवाय दुखतंय, दुखतंय, किती वेळा सांगायचं? सांगण्याचाच कंटाळा आला होता. वर्गात टेबलाला धरून उभी राहायचे, घरी येऊन चुलीपुढं बसायचे.

एका दुपारी छातीत कळ आली. श्वास अर्ध्यावरच अडायला लागला. जाऊ भाकरी थापत होती. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. ते हळदीसारखे पिवळे झाले होते.

"ह्ये वाताचं न्हाई," म्हणत ती पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. पाणी ओतून परत निघालेला टँकर तिनं रस्त्यात उभं राहून थांबवला. ड्रायव्हरशेजारी मला बसवलं, आपणही चढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रागावल्या. "इतके दिवस कुठं होतात?"

"औषध नाही म्हणालात ना."

"म्हणून घरी मरायचं?" त्यांनी सलाइन लावलं, सुई दिली. मग विचारलं, "पाणी पिता की नाही?"

जाऊच म्हणाली, "न्हाई. आमीच देत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी सलाइनची आणखी एक बाटली आणायला सांगितली. मी डोळे मिटले. थेंब थेंब पाणी अंगात जात होतं, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

घरी आल्यावर जावेनं माझ्यासाठी वेगळा माठ भरून ठेवला. सासूबाईंनी त्याकडं पाहिलं आणि उरलेलं पाणी वाटायला घेतलं. ते पाणी कुणाच्या वाट्याचं होतं, मी विचारलं नाही. विचारायचीही ताकद नव्हती.

दुखणं काही गेलं नाही. पण ताप आला, छाती भरली की मी आता थांबत नसे, सरळ एसटी धरायचे. आणि खरं सांगायचं तर कधीकधी यातलं काही नसतानाही गेले आहे.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाई विचारायच्या.

"दमलेय," मी म्हणायचे.

त्या रिकाम्या खाटेकडं हात करायच्या.