शुक्रवारच्या माणसाची सहल

अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. विजेवर ताण येऊ नये म्हणून कधीकाळी कुणीतरी एकेका भागाला एकेक वार वाटून दिला आणि आमच्या वाट्याला शुक्रवार आला. बायको मुंबईत सरकारी कचेरीत, तिला रविवार. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, त्यांनाही रविवार. चौघांच्या घरात मी एकटाच वेगळ्या वाराचा. रविवारी आमचं बदलापूरचं घर भरलेलं असायचं तेव्हा मी कारखान्यात बॉयलरपाशी, आणि शुक्रवारी मी घरी असायचो तेव्हा घरात फक्त फ्रिजचा आवाज.

शुक्रवारची दुपार कशी काढायची हे मला पंधरा वर्षांत जमलं नाही. दार उघडं टाकून बसलो की समोरच्या वहिनी अवघडून आपलं दार ओढून घ्यायच्या, म्हणून मग मीच माझं लावून घ्यायचो. बुद्धविहाराच्या वाचनालयात जाऊन पेपर वाचायचो. छोट्या जाहिरातीसुद्धा. घरातली बाहेरची कामं माझ्याकडे होती. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की तिकिटं काढणार मी, बॅगेला कुलूप लावणार मी, तिघांना गाडीत बसवून हात हलवणार मी आणि तसाच ड्युटीवर जाणार. "तुम्ही आहात म्हणून मला टेन्शन नसतं," असं बायको कौतुकानं म्हणायची. मी तिथे नसायचोच, तो भाग वेगळा.

त्या वर्षी टीव्हीवर एका मोठ्या पार्कची जाहिरात सारखी लागायची. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, वरून पाण्यात झेपावणाऱ्या बोटी. ती लागली की आमच्या पोराचा घास हातातच राहायचा. मे महिन्यात एका रविवारी जायचं असं ठरलं आणि नेहमीप्रमाणे सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात आली. या वेळी मात्र मी मनात पक्कं केलं की मीही जाणार. पण हे घरी बोललो नाही. साहेबांनी रविवार दिला नाही तर उगाच हसं होईल, सुट्टी हातात पडली की सांगू, असा विचार केला. काम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही ही माझी जुनी खोड आहे, आणि तिनं माझं कधीही भलं केलेलं नाही.

तयारी सुरू झाली. दर शुक्रवारी मी पार्कच्या नंबरवर फोन लावायचो. पहिल्यांदा वेळ विचारली. दुसऱ्यांदा डबा आत नेता येतो का ते विचारलं. तिसऱ्या शुक्रवारी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी फोन लावला आणि तिथे सावली आहे का, असं विचारलं. पलीकडच्या मुलीला माझा आवाज ओळखू यायला लागला होता. "बोला सर, बदलापूर ना?" असं ती म्हणायची आणि मला उगाच बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, कित्येक शुक्रवारी दिवसभरात माझ्याशी बोललेली ती एकटीच असायची. "टोटल किती मेंबर, सर?" तिनं विचारलं तेव्हा मी "चार" म्हणालो. चार म्हणताना छाती फुगली होती.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत हे तिनंच सांगितलं. म्हणून एका संध्याकाळी सुटल्यावर उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो. दुकानदार सिंधी, वयस्कर, गिऱ्हाइकाला साईं म्हणणारा. "बेबी की हाइट बताओ, साईं," तो म्हणाला. मी हात छातीशी धरला. मग थोडा वर नेला, परत खाली आणला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. "घर पे पूछ के आओ ना," असं तो सरळपणे म्हणाला, पण मला ते लागलं. स्वतःच्या मुलीची उंची बापाला कुणाला विचारावी लागते का, असं मनात म्हणत मी अंदाजानं दोन ड्रेस घेतले. घरी मुलीनं तिचा अंगाला लावून बघितला आणि हसत म्हणाली, "पप्पा, हा मी सहावीत असताना आणायचा ना." मुलाचाही आखूडच निघाला. दोन्ही बदलून आणले, या वेळी माप चिठ्ठीवर लिहून.

रविवारसाठी मी साहेबांशी सौदा केला. शुक्रवारी कारखाना बंद असला की बॉयलर उघडून आतून साफ करतात. ते काम कुणी अंगावर घेत नाही, कारण पार काळंकुट्ट होऊन बाहेर यावं लागतं. दोन शुक्रवार मी करतो, मला एक रविवार द्या, असं मी म्हणालो. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग रजेच्या अर्जावर सही केली. घरी मी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी नखांतली काजळी घासत असतानासुद्धा मी गाणं गुणगुणत होतो.

त्याच संध्याकाळी जेवणानंतर मी कागद काढला. त्यावर सगळं लिहिलं होतं. सहाला जीप दारात, आठला नाश्ता, आधी पाण्याचे खेळ की पाळणे, दुपारी कुठे बसायचं. मी एकेक ओळ वाचून दाखवत होतो आणि पोरं खरंच कान देऊन ऐकत होती. मग मी म्हणालो, "चारपर्यंत आपण सगळे बोटीच्या रांगेत."

मुलीनं वर बघितलं. "पप्पा, तुम्ही पण येणार?"

तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. तिला फक्त आश्चर्य वाटलं होतं. बायको म्हणाली, "अहो, रविवारी तुमची ड्युटी असते म्हणून मी ताईला विचारलं. ती येते म्हणाली. चौघंजण होतो म्हणजे पोरांना जोडीनं बसता येईल." मग ती म्हणाली, "पण तुम्ही येत असाल तर या ना."

येत असाल तर या. असं आपण शेजाऱ्यांना म्हणतो. आज मला कळतं की ती मनापासून म्हणत होती, जीपमध्ये पाचव्याला भरपूर जागा होती, आणि खिशातला सही झालेला रजेचा अर्ज काढून दाखवला असता तर पोरांनी उड्या मारल्या असत्या. पण मी रुसलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पोरासारखा रुसलो. "छे, मला कुठली सुट्टी," मी म्हणालो, "आपण म्हणजे तुम्ही लोक." कुणी आग्रह केला नाही. आग्रह करायची त्यांची सवय मीच मोडली होती.

रविवारी सहाला त्यांना जीपमध्ये बसवलं, ड्रायव्हरला रस्ता सांगितला, हात हलवला. त्यांच्यातल्याच पुऱ्या डब्यात घेऊन कारखान्यात गेलो. माझ्या जागी त्या दिवशी दुसऱ्याला लावलं होतं. त्यानं "जय भीम" केला आणि म्हणाला, "तू तर रजेवर ना? जा की घरी, मस्त ताणून दे." मी म्हणालो, "घरी कुणी नाही." एका बॉयलरपाशी आम्ही दोघं दिवसभर बसून राहिलो. चार वाजता मी घड्याळ बघितलं. इतकं एकटं मला एकाही शुक्रवारी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे लालबुंद होऊन परतले. पोरं एकमेकांचं बोलणं तोडत सांगत होती. बोट चौघांचीच होती. मावशीला चक्कर येते म्हणून ती बॅगा घेऊन खाली थांबली, आणि एक जागा मोकळी सोडत नाहीत म्हणून तिथल्या माणसानं रांगेतले एकटे आलेले एक काका यांच्यात बसवले. बोट पाण्यात आदळताना पार्कवाल्यांनी फोटो काढला, तो बायकोनं आणला होता. पुढे ती आणि मुलगी, डोळे मिटलेल्या. मागे आमचा मुलगा, आणि त्याच्या शेजारी माझ्याच वयाचा, अर्धं टक्कल पडलेला एक अनोळखी माणूस. त्यानं पोराला एका हातानं घट्ट आवळून धरलंय आणि तोंड उघडून ओरडतोय.

फोटो छान आला म्हणून बायकोनं फ्रेम करून शोकेसमध्ये ठेवला. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, हे तुमचे कोण? सुरुवातीला पोरं सगळी गोष्ट सांगायची. मग थोडक्यात सांगायला लागली, की ते असेच एक काका, पप्पांना सुट्टी नव्हती ना.

सुट्टी होती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.